शर्यत कुणाच्या जिवावर?

शहरातल्या सायकल शर्यतींवरचा वाद दर वेळी एकाच क्रमाने पेटतो. कुणाच्या तरी हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातली चित्रफीत पसरते. दहा-पंधरा सायकलस्वार वाहत्या रहदारीतून, बस आणि टॅक्सी यांच्यामधल्या हातभर फटीतून, लाल सिग्नलला न थांबता सुसाट निघालेले असतात. एक बाजू म्हणते, हे गुंड आहेत, यांच्या सायकली जप्त करा. दुसरी बाजू विचारते, मोटारी रोज माणसं मारतात तेव्हा तुम्ही कुठे असता? दोन दिवस दोन्हीकडून शब्दांचा मारा होतो आणि मूळ प्रश्न आहे तिथेच राहतो. रस्ता बंद न करता, परवानगीचा कागद न काढता, ओळखीपाळखीच्या सायकलस्वारांनी मिळून शहरात शर्यत लावावी की नाही? आणि लावायची तर कशी?

माझं उत्तर सुरुवातीलाच देतो. लावावी. अशा शर्यती टिकल्या पाहिजेत आणि ज्याला सायकलची आणि शहराची ओढ आहे त्याने त्यात उतरून पाहावं. मी स्वतः उतरलो आहे आणि पुढेही उतरेन. पण या शर्यतींच्या बाजूने आज जे युक्तिवाद केले जातात, त्यातले बरेचसे मला पटत नाहीत, आणि विरोधकांचे काही मुद्दे मला आमच्या बाजूच्या मुद्द्यांपेक्षा भक्कम वाटतात. माझ्या दृष्टीने कसोटी एकच आहे. जो शर्यतीत नाही, ज्याला कुणी विचारलेलंच नाही, त्याच्या वाट्याला या शर्यतीमुळे धोका येता कामा नये. परवानगी होती का, संघटना कोणती, कपडे कसले, हे सगळे प्रश्न त्यानंतरचे. चालू वादात मात्र कागदाचीच चर्चा होते आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसाची होत नाही.

आधी ही शर्यत असते तरी काय, ते पाहू. विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांना ती मोकळ्या रस्त्यावरची साधी धावाधाव वाटते. या प्रकाराला अ‍ॅलीकॅट हे नाव मिळालं ते टोरांटोत, 1989 मध्ये, सायकलवरून पाकिटं पोचवणाऱ्या कुरिअरांच्या शर्यतीपासून. 1993 मध्ये बर्लिनला सायकल कुरिअरांची पहिली जागतिक स्पर्धा भरली, तिथे ही कल्पना बाकीच्या शहरांतल्या कुरिअरांपर्यंत पोचली आणि मग ती कुरिअरांपुरती राहिली नाही. सुरुवातीला हातात एक यादी देतात. तिला मॅनिफेस्ट म्हणतात. यादीत शहरभर विखुरलेले चेकपॉइंट असतात. प्रत्येक ठिकाणी जायचं, शिक्का किंवा सही घ्यायची, कधी एखादं काम करायचं, आणि सगळे पूर्ण करून शेवटच्या जागी पोचायचं. कोणत्या क्रमाने आणि कोणत्या रस्त्याने, हे बहुतेक वेळा ज्याचं त्याने ठरवायचं. ही त्या कुरिअरांच्या रोजच्या कामाचीच नक्कल आहे. पिशवीत आठ पाकिटं आहेत, आठ पत्ते आहेत, आणि जितकी पाकिटं लवकर पोचतील तितके पैसे.

आठ चेकपॉइंट असतील तर ते घेण्याचे क्रम किती होतात? 40,320. दहा असतील तर 36,28,800. हा प्रश्न गणितज्ञांनाही दमवतो, आणि इथे तो फुटपाथवर उभं राहून, यादी हातात पडल्यावर दोन-तीन मिनिटांत सोडवायचा असतो. वर शहराची माहिती लागते. कोणता पूल चढाचा आहे, कोणता रस्ता संध्याकाळी तुंबतो, कोणत्या बागेतून आरपार जाता येतं, कोणत्या गल्लीचं दुसरं तोंड बंद आहे. मांड्यांची ताकद लागते, पण ताकदवान आणि अनोळखी माणसाला जाणता आणि बेताच्या दमाचा माणूस इथे मागे टाकतो. शर्यतीच्या इतर प्रकारांत हे सहसा घडत नाही. म्हणूनच अशा शर्यतीत वयस्कर कुरिअर, कॉलेजातली मुलगी, दुकान बंद करून आलेला मेकॅनिक आणि हजारोंची कार्बन सायकल घेऊन आलेला हौशी, हे सगळे एका रेषेवर उभे असतात आणि निकाल कुणालाच आधी सांगता येत नाही. परवाना लागत नाही, क्लबचं सदस्यत्व लागत नाही. सगळ्यात शेवटी येणाऱ्यालाही बक्षीस द्यायची रीत आहे, आणि ते बक्षीस खरोखर मानाने दिलं जातं.

‘शर्यतच करायची तर व्हेलोड्रोमवर जा’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर यातच आहे. व्हेलोड्रोम म्हणजे सायकल शर्यतींसाठीच बांधलेलं मैदान. एक फेरी साधारण 250 मीटरची, कडेला चढत जाणारा गुळगुळीत ट्रॅक, डावीकडे वळत राहायचं. तो फार सुंदर खेळ आहे, पण वेगळा. शहर वाचण्याची परीक्षा शहराबाहेर घेता येत नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो असा, की शर्यत म्हटलं की घाई आली, आणि सार्वजनिक रस्त्यावरची घाई ही तुमची एकट्याची खासगी बाब नसते. हे शंभर टक्के खरं आहे. त्याची उदाहरणं रस्त्यावर आहेत. 2008 च्या फेब्रुवारीत शिकागोतल्या अशाच एका शर्यतीत गटातला एक स्वार लाल सिग्नल ओलांडताना मोटारीची धडक बसून मरण पावला. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका सायकलस्वाराने चौकात 71 वर्षांच्या पादचाऱ्याला धडक दिली. तो गृहस्थ काही दिवसांनी गेला, आणि पुढल्या वर्षी त्या स्वाराने न्यायालयात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. तिथे शर्यत जाहीर झालेली नव्हती, पण तो स्वार आपल्या फेऱ्यांची वेळ ॲपवर नोंदवत होता. 2022 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात 81 वर्षांच्या एक बाई रस्ता ओलांडत होत्या. सरावाच्या फेऱ्या मारणाऱ्या एका गटातल्या सायकलची त्यांना धडक बसली आणि त्या पुढे दगावल्या. त्या रस्त्यावर मोटारींना ताशी 20 मैलांची मर्यादा होती, गट तिच्यापेक्षा वेगात होता, आणि ब्रिटनमध्ये ती मर्यादा सायकलींना लागूच होत नाही म्हणून खटला उभा राहिला नाही. कायद्याने सोडलं म्हणून ती गोष्ट सायकलस्वारांनीही सोडून द्यायची का?

या घटना क्वचित घडतात असं म्हणून आमच्या बाजूचे लोक पुढे जातात. क्वचित घडतात हेही खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे रस्त्यांवर दरवर्षी सुमारे 11.9 लाख माणसं मरतात. त्यातली निम्म्याहून जास्त पादचारी, सायकलस्वार आणि मोटारसायकलवरची असतात, आणि त्यांना मारणारी वाहनं जवळजवळ सगळी इंजिनावर चालणारी असतात. दीड टनाची मोटार आणि माणसासकट 85 किलोची सायकल यांची तुलना करणं मूर्खपणाचं आहे. सरकारी धोरण ठरवताना हा फरक निर्णायक आहे. पोलिसांकडे मोजके हात असतील तर ते कुठे लावावेत याचं उत्तर त्यातून मिळतं. पण मी आज संध्याकाळी कसा वागू, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. दुसरा मोठा अपराध करतो म्हणून माझा लहान अपराध माफ होतो, असं आपण दुसऱ्या कोणत्या बाबतीत मानतो? ज्या बाईंना धडक बसली त्यांच्या घरच्यांना मोटारींची आकडेवारी सांगायला कोण जाईल? शिवाय या युक्तिवादात सायकलस्वारांचं स्वतःचं नुकसान आहे. मोटारींपासून आमचं रक्षण करा, असं आपण ज्या तत्त्वावर मागतो, ते तत्त्व म्हणजे जड आणि वेगवान माणसाने हलक्या आणि हळू माणसाची काळजी घ्यायची. फुटपाथवरून उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसापुढे जड आणि वेगवान आपण असतो.

शिकागोच्या घटनेबद्दल आणखी एक म्हटलं जातं. स्वार स्वतःच्या मर्जीने उतरला होता, धोका त्याला माहीत होता, मग बाहेरच्यांचा काय संबंध? पण त्या मोटारीत कुणीतरी बसलेलं होतं. हिरव्या दिव्यावर निघालेला, काहीही चूक न केलेला तो माणूस एका मृत्यूचा भागीदार झाला, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. संमतीचा विचार आपण फार अपुरा करतो. जखम कुणाला होते एवढंच पाहतो, आयुष्यभराचं ओझं कुणावर पडतं ते पाहत नाही. शर्यतीआधी स्वारांकडून ‘माझी जबाबदारी माझ्यावर’ असा कागद सही करून घेण्याची पद्धत आहे. त्या कागदावर ना त्या पादचाऱ्याची सही असते ना त्या मोटारचालकाची. मग तो कागद नेमका कुणाला वाचवतो?

इथपर्यंत वाचून बंदीवाले म्हणतील, मग आमचंच म्हणणं झालं. नाही झालं. कारण घाई हा शर्यतीचा स्वभाव असला तरी लाल सिग्नल तोडणं हा या शर्यतीचा गाभा नाही. साधा हिशोब मांडून पाहू. समजा सिग्नलचं चक्र 90 सेकंदांचं आहे आणि त्यात 45 सेकंद लाल. कोणत्याही क्षणी पोचणाऱ्या स्वाराला सरासरी प्रत्येक सिग्नलला 11 सेकंद थांबावं लागेल. वाटेत असे 20 सिग्नल असले तर पावणेचार मिनिटं. थांबून पुन्हा वेग घेण्यात जाणारा वेळ धरला तर पाचएक मिनिटं. आता दुसरी बाजू. चेकपॉइंटचा क्रम चुकला आणि तीन किलोमीटरचा वळसा पडला, तर ताशी 25 किलोमीटरने सात मिनिटांहून जास्त वेळ जातो. म्हणजे ज्याने यादी नीट वाचली तो प्रत्येक सिग्नलला थांबून, प्रत्येक सिग्नल तोडणाऱ्या पण वाट चुकलेल्या स्वाराच्या आधी पोचू शकतो. शर्यतीचं खरं कौशल्य कागद आणि शहर यांच्यात आहे. सिग्नल तोडून मिळतो तो उरलेला फायदा.

तरीही हा हिशोब अर्धवट आहे हे मी जाणतो. दोन स्वारांनी सारखाच चांगला क्रम निवडला, तर पाच मिनिटांचा फरक सिग्नल तोडणाराच मारून नेणार. वरच्या फळीत असंच होतं. पहिल्या दहा जणांना शहर पाठ असतं, म्हणून त्यांच्यात निकाल लागतो तो कोण जास्त धोका घेतो यावर. आणि त्यांच्यामागे नवखे असतात. मुरलेला कुरिअर चौकातली रहदारी वाचतो, कोणती मोटार थांबणार आणि कोणती नाही हे त्याला कळतं, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण त्याने वाचलेली फट त्याच्यापुरती असते. मागचा स्वार मोटारींकडे पाहत नसतो, तो पुढच्याच्या पाठीकडे पाहत असतो, आणि तो येईपर्यंत फट मिटलेली असते. गटाने सिग्नल तोडणं हे एकेकट्याने तोडण्यापेक्षा कितीतरी वाईट असतं ते यामुळे. पुढच्याच्या कौशल्यावर मागच्याने आपला जीव पणाला लावलेला असतो, आणि दोघांनी मिळून चौकातल्या सगळ्यांचा.

तेव्हा प्रश्न स्वारांच्या सद्गुणाचा नाही, शर्यतीच्या रचनेचा आहे. ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते वागणं वाढतं. सिग्नल तोडून जिंकता येत असेल तर तोडू नका असं सांगून काहीही होणार नाही. तोडून काही मिळणारच नाही अशी शर्यत आखावी लागेल. आणि हे अशक्य मुळीच नाही, कारण शर्यतींच्या जगात याची उत्तरं जुनी आहेत. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या. त्यांत वाटेतल्या प्रत्येक कंट्रोलला, म्हणजे नोंदीच्या ठिकाणाला, बंद व्हायची वेळ असते तशी उघडायचीही वेळ असते. तुम्ही फार लवकर पोचलात तर दार उघडलेलंच नसतं. मोटार रॅलीत चालू रस्त्यावरच्या टप्प्यात ठरलेल्या वेळेच्या आधी हजर झालात तर दंडाचे गुण बसतात. अ‍ॅलीकॅटला यातलं बरंच घेता येईल. मोठ्या चौकांवर एक माणूस उभा करून पोचल्यापासून हिरवा होईपर्यंतचा वेळ हिशोबातून वजा करता येईल. दुपदरी मोठे रस्ते आणि शाळा, दवाखाने यांच्या आजूबाजूचे भाग टाळून चेकपॉइंट ठेवता येतील. सुरुवात एकदम न करता दोन-दोन मिनिटांनी स्वार सोडता येतील, म्हणजे गट तयारच होणार नाही. क्रम मोकळा ठेवला तर स्वार आपोआप चारी दिशांना पांगतात. चेकपॉइंटवरचं काम जरा वेळखाऊ आणि डोक्याचं ठेवलं, पंक्चर काढा, पुतळ्याखालच्या पाटीवरची चार नावं लिहून आणा, तर सिग्नलवर वाचवलेले अकरा सेकंद कुठच्या कुठे विरून जातात. मी सगळ्यात चांगली म्हणेन अशा शर्यतींत वेगापेक्षा या कामांचीच चर्चा शेवटी जेवताना होते.

ब्रेकबद्दल मात्र मला तडजोड सुचत नाही. फिक्स्ड गिअर सायकलींवर, ज्यांत पेडल आणि मागचं चाक एकत्रच फिरतं, ब्रेक न लावता शहरात फिरण्याची या मंडळींत प्रतिष्ठा आहे. पाय आखडून मागचं चाक घसटवत थांबायचं. यात कौशल्य आहे यात वाद नाही, पण भौतिकशास्त्र कौशल्याला जुमानत नाही. थांबताना भार पुढच्या चाकावर जातो, म्हणून थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. ताशी 30 किलोमीटरला सायकल सेकंदाला 8 मीटरहून जास्त पुढे जाते. कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक नीट वापरला तर साधारण 7 मीटरमध्ये थांबता येतं, फक्त मागच्या चाकावर त्याच्या दुप्पट अंतर लागतं, आणि या दोन्हींत डोक्याने हाताला हुकूम देण्याचा सेकंद अजून धरलेलाच नाही. जास्तीच्या त्या सात मीटरमध्ये एक आख्खा झेब्रा क्रॉसिंग मावतो. 2016 मध्ये लंडनमध्ये एक स्त्री रस्ता ओलांडताना पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्स्ड सायकलची धडक बसून मरण पावली. स्वाराला 2017 मध्ये 18 महिन्यांची शिक्षा झाली. ती घोडागाड्यांच्या काळातल्या 1861 च्या कायद्याखाली द्यावी लागली, कारण दुसरं योग्य कलम हाताशी नव्हतं. याउलट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 2008 साली ओळखीच्या मोजक्या स्वारांनी रात्री परवानगीविना घेतलेल्या रेड हूकच्या शर्यतीचं पुढे काय झालं पाहा. ती वाढत गेली, बॅरिकेड लावलेल्या बंद मार्गावर आली, मिलान, बार्सिलोना, लंडनपर्यंत पोचली. तिथेही सायकलींना ब्रेक नव्हते, पण वळणावर कोसळला तर स्वार कोसळत होता, शेजारून दूध आणायला निघालेला माणूस नव्हे. तीच सायकल, तेच कौशल्य, आणि नैतिकदृष्ट्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी.

बंदीच्या मागणीकडे वळतो. बंदीचा इतिहास सायकलींना चांगला परिचयाचा आहे. पॅरिस ते रूआँ ही शहरांमधली पहिली सायकल शर्यत 1869 च्या नोव्हेंबरात झाली, 123 किलोमीटरची, उघड्या रस्त्यावर. तीस वर्षांच्या आत ब्रिटनमध्ये सायकलींच्या राष्ट्रीय संघटनेनेच रस्त्यावरच्या सामूहिक शर्यती थांबवल्या. घोडे बुजतात, गाडीवाले तक्रार करतात, पोलीस सगळ्याच सायकली रस्त्यावरून हटवतील, अशी भीती होती. मग शर्यती संपल्या का? स्वार पहाटे उठून, नखशिखांत काळे कपडे घालून, एकेकटे, ठराविक अंतराने सुटू लागले. 1895 पासून या टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावलेल्या शर्यती, सुरू झाल्या. मार्गांना सांकेतिक क्रमांक होते आणि पत्रकांवर ‘खासगी व गोपनीय’ असं छापलेलं असे. पुढे 1942 मध्ये पर्सी स्टॅलर्ड या सायकलपटूने लांगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी चाळीस जणांची शर्यत भरवली. त्याच्याच संघटनेने त्याला निलंबित केलं. त्याने त्याच वर्षी वेगळी संघटना काढली, आणि 1959 मध्ये दोन्ही गट एकत्र आले तेव्हा रस्त्यावरच्या शर्यतींना ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली होती.

स्टॅलर्डचं उदाहरण आमच्या बाजूचे लोक आवडीने देतात: पाहा, बंडखोरच बरोबर ठरला. पण त्याने काय काय केलं ते पूर्ण सांगत नाहीत. त्याने आधी मार्गावरच्या पोलीस प्रमुखांना पत्रं लिहिली. युद्धामुळे पेट्रोल तुटपुंजं होतं आणि रस्ते रिकामे होते, हे हेरून दिवस निवडला. शर्यत सुरळीत पार पडली आणि शेवट पाहायला हजाराहून जास्त लोक जमले. त्याने मोडला तो संघटनेचा नियम, वाटेवरच्या लोकांचा विश्वास मोडला नाही. आणि आधीच्या त्या काळ्या कपड्यांतल्या टाइम ट्रायलही पाहा. निर्बंधातून जन्मलेली ती रचना, एकेकट्याने सुटणं, गट न करणं, इतकी सुरक्षित निघाली की आजही ब्रिटनमध्ये उघड्या रस्त्यावर, पोलिसांना आगाऊ कळवून, वाहतुकीचे नियम पाळत टाइम ट्रायल होतात. चालू रहदारीत शर्यत होऊच शकत नाही असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दुसरं उदाहरण सरकारी बंदीचं. 1987 मध्ये न्यूयॉर्कचे महापौर एड कॉच यांनी मॅनहॅटनच्या मध्यभागी फिफ्थ, पार्क आणि मॅडिसन या तीन अ‍ॅव्हेन्यूंवर आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार सायकलींना बंदी जाहीर केली. रोख कुरिअरांवर होता, आणि पादचाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. पण बंदी वागण्यावर न घालता वाहनावर घातली होती. शांतपणे कामावर जाणारी सायकलही तिच्यात सापडत होती. कुरिअर आणि बाकीचे सायकलस्वार, जे एरवी एकमेकांना विचारत नसत, ते एकत्र रस्त्यावर उतरले. न्यायालयाने बंदी तांत्रिक कारणावरून रद्द केली आणि ती पुन्हा आली नाही. पादचाऱ्यांना त्यातून काय मिळालं? कुरिअर कसे चालवतात हा जो खरा प्रश्न होता, तो सायकली असाव्यात की नसाव्यात या भांडणात बुडाला. आज अ‍ॅलीकॅटवर सरसकट बंदी मागणारे हेच पुन्हा करायला निघाले आहेत. बंदी आली की शर्यती रात्री उशिरा, आणखी अंधारात, निरोप फक्त ओळखीत फिरवून होतील. प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभा राहणारा, नवख्याला तुझी चेन सैल आहे म्हणून अडवणारा, असा जबाबदार आयोजक सगळ्यात आधी बाहेर पडेल, कारण गमावण्यासारखं त्याच्याकडेच काही असतं. उरतील ते कॅमेरेवाले.

कॅमेऱ्यांबद्दल मी थोडं कडक बोलणार आहे. या शर्यतींचं जगभर जे चित्र झालं ते चित्रफितींनी केलं, आणि चित्रफितीत काय चांगलं दिसतं? यादी वाचताना कपाळावर आलेली आठी दिसत नाही. बसच्या पुढ्यातून निसटलेली सायकल दिसते. अशी चित्रफीत लाखोंनी पाहिली की पुढच्या शर्यतीला येणारा नवखा तेच करायला येतो. आयोजकांनी निकाल लावताना अशा चित्रफिती पाहाव्यात आणि ज्याने पादचाऱ्याला दचकवलं, मागे सरकायला लावलं, त्याचं नाव निकालातून काढावं. धडक बसली नाही एवढं पुरेसं नाही. घाबरून फुटपाथवर परत चढणाऱ्या माणसाने रस्त्याचा आपला हक्क गमावलेला असतो, आणि सायकलस्वारांना ती भावना मोटारींमुळे रोज येते.

जबाबदारी कुणाची, हा विरोधकांचा शेवटचा प्रश्न, आणि अनौपचारिक शर्यतींची हीच सगळ्यात दुबळी जागा आहे. मान्य परवान्याच्या शर्यतीत विमा असतो, पंच असतात, नाव आणि पत्ता असलेली संस्था असते. आमच्याकडे एक दूरध्वनी क्रमांक आणि एक टोपणनाव. काही घडलं की सगळे पांगतात. हे मला लाजिरवाणं वाटतं. माझं म्हणणं आहे की परवानगी न घेणं समजू शकतं, कारण पन्नास माणसांच्या शर्यतीसाठी रस्ते बंद करायला लावणं, हमीची रक्कम भरणं हे परवडणारं नाही, आणि तेवढ्यासाठी शहराचा रस्ता अडवणंही बरोबर नाही. पण निनावी राहणं समजू शकत नाही. मॅनिफेस्टवर आयोजकाचं खरं नाव असावं. त्रयस्थाला झालेल्या इजेची भरपाई करणारा विमा जिथे वैयक्तिक मिळतो तिथे तो प्रत्येक स्वाराकडे असावा, मिळत नसेल तर प्रवेश शुल्कातून थोडा निधी वेगळा ठेवावा. आणि दुर्घटना घडली तर शर्यत तिथेच थांबावी, सगळ्यांनी थांबावं. निसटून जाण्याचं स्वातंत्र्य हे या खेळाच्या स्वातंत्र्यात धरायला मी तयार नाही.

प्रशासनाकडूनही थोडी अपेक्षा आहे. रस्ता बंद करायचा नसेल, स्वार एकेकटे सुटणार असतील, वाहतुकीचे नियम पाळले जाणार असतील, तर फक्त कळवून शर्यत घेता यावी, इतकी साधी वाट हवी. ब्रिटनमधल्या टाइम ट्रायलनी ती दाखवलेली आहे. आज बऱ्याच ठिकाणी दोनच पर्याय समोर असतात: मोठ्या स्पर्धेसारखे सगळे सोपस्कार, किंवा पूर्ण लपवाछपवी. मधली वाट नसली की माणसं लपवाछपवीकडे वळतात.

या सगळ्यावर माझेच काही सोबती म्हणतात की असं केलंस तर ती अ‍ॅलीकॅट राहणार नाही, तिचा जीवच जाईल. मला हे खरं वाटत नाही. ज्या कुरिअरांनी हा खेळ दिला, त्यांच्याच जागतिक स्पर्धेतली मुख्य शर्यत रहदारीपासून बंद केलेल्या मार्गावर होते. मॅनिफेस्ट आहे, चेकपॉइंट आहेत, पाकिटं आहेत, चुकीचा क्रम निवडल्याची हळहळ आहे. फक्त लाल सिग्नल नाहीत आणि मध्येच येणारा अनोळखी माणूस नाही. दिवसभर खऱ्या रस्त्यांवर पोट भरणाऱ्या या लोकांनी आपला जगज्जेता ठरवायला त्या दोन गोष्टींची गरज नाही असं मानलं. मग रविवारी हौसेने उतरणाऱ्या आपल्याला ती का वाटावी?